मास्तर जोरात होते

अपघात मीच केला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जवळजवळ दोन वर्षं हे एवढंच वाक्य मी ज्याला ज्याला सांगायला गेलो, त्याने ते धड ऐकूनसुद्धा घेतलं नाही. कुणी हसलं, कुणी पाठीवर थाप मारली, कुणी चहा मागवला, आणि विमा कंपनीच्या वकिलाने तर ते खोटं आहे असं भर कोर्टात माझ्याच तोंडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला. माणूस आपला गुन्हा लपवतो हे मी समजू शकतो. पण आपण आपला गुन्हा उघड्यावर मांडून बसलोय आणि त्याला गिऱ्हाईकच नाही, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मी वाईला हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. चौऱ्याहत्तर साली, नव्या स्कूटरसाठी नंबर लावून लावून थकल्यावर, एका बदली होऊन गेलेल्या इंजिनिअरची जुनी स्कूटर घेतली. मी ती सावकाश चालवत असे. किती सावकाश, हा पुढे कोर्टात वादाचा मुद्दा झाला म्हणून सांगतो. आमचं कुटुंब मागे बसून रस्त्याकडेच्या भाजीवालीशी घासाघीस करायचं, आणि भाव पटेपर्यंत आम्ही त्याच पाटीसमोर असायचो. आमचे शेजारी नाथाजी सुभेदार, पलटणीतून रिटायर झालेले. ते रोज सकाळी कठड्यावर बसून विचारायचे, "मास्तर, गाडी बंद पडली का चालू हाय?" मी स्वच्छ सांगायचो, "चालू आहे." ते म्हणायचे, "असं व्हय."

असल्या माणसाच्या हातून अपघात व्हायचा तो एका दूधवाल्यामुळे झाला. गुंडा त्याचं नाव. सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून तो कृष्णेच्या पुलावर माझ्या मागून आला, शेजारून पुढे गेला, आणि जाताना घंटी वाजवून म्हणाला, "मास्तर, ढकलू का जरा?" पुलावर माझ्या वर्गातली चार पोरं उभी होती. ती हसली. मी काहीही न बोलता मूठ पिळली. आयुष्यात प्रथमच पूर्ण पिळली. पुलाच्या उतारावर मी गुंडाला मागे टाकलं, आणि उतार संपतो तिथे शमशेर कल्हईवाल्याला उडवलं.

शमशेर रस्ता ओलांडत होता. डोक्यावर कुणाच्या तरी लग्नघरचं मोठं तांब्याचं घंगाळ, मागे त्याची बायको मेहरुनबी भाता घेऊन. घंगाळ गडगडत घाटाकडे गेलं, मी गटाराकडे गेलो आणि शमशेर मधे पडला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. मी धावत जाऊन म्हणालो, "माझी चूक झाली, शमशेरभाई, माझी चूक." तो जमिनीवर पडल्या पडल्या, दात आवळून म्हणाला, "न्हाई मास्तर, मीच मधी आलो. तुमास्नी लागलं न्हाई न्हवं?"

या एका सभ्यपणाच्या वाक्याने पुढचं सगळं रामायण घडवलं.

पंचनाम्याला जे हवालदार आले त्यांचा मुलगा माझ्याकडे दहावीला होता. मी त्यांना वेग, उतार, सगळं व्यवस्थित सांगितलं. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याकडे मायेने बघितलं. "मास्तर, तुमाला धक्का बसलाय. घरी जाऊन लिंबूपाणी घ्या. तुमी आणि जोरात? आमी काय खुळे हाय का?" आणि त्यांनी 'इसम अचानक आडवा आला' असं लिहून टाकलं. मी विरोध केला. ते म्हणाले, "उपकार मानू नका, आमचं कामच हाय."

आता आमच्याकडची रीत अशी की कुणी अंथरुणाला खिळलं की त्याच्या समाचाराला जायचं. उशाशी बसायचं, आता कसं वाटतंय विचारायचं, थोडा वेळ गप्प बसायचं आणि उठायचं. आणि ज्याच्यामुळे तो अंथरुणाला खिळला त्याने तर रोज जायचं. मी रोज जात असे. आमच्या हिने दोन्ही वेळचा डबा चालू केला. मी डबा खाली ठेवायचो आणि म्हणायचो, "शमशेरभाई, माझ्यामुळे हे सगळं." तो उठून बसायची धडपड करत म्हणायचा, "तसं बोलू नका मास्तर. माझंच ध्यान नव्हतं." मग मी म्हणायचो, "नाही, माझं." तो म्हणायचा, "न्हाई, माझं." असं आमचं चालायचं, आणि मला घरी जाताना बरं वाटायचं. मेहरुनबी कोपऱ्यात बसलेली असायची. ती काही बोलायची नाही. डबा घासून, पुसून, परत द्यायची.

प्लॅस्टर काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की पाय भरून आलाय पण थोडा आखूड राहणार आणि त्याच्यावर जोर देऊन गिरकी घेता येणार नाही. हे ऐकून शमशेरने डॉक्टरांना ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. कारण कल्हईचं काम हाताचं आहे असं आपल्याला वाटतं, ते अर्धं पायाचं आहे. मोठ्या भांड्यात वाळू टाकून, आत उभं राहून, भिंतीला धरून, गिरक्या घेत घेत पायांनी ते घासावं लागतं. भांडं घासून स्वच्छ झाल्याशिवाय कथील धरत नाही. सबंध वाईत मोठ्या भांड्यांना शमशेरचा पाय लागायचा.

"आता बसून करायचं काम बघाय पायजे," तो एकदा म्हणाला. "स्टोच्या दुरुस्तीचं. बाजारात गाळा मिळतोय. पर त्याला पैसं लागत्यात."

मी माझ्या पगारातून किती देऊ शकतो हे मला माहीत होतं, आणि त्यातून गाळ्याची कडीसुद्धा आली नसती. तेव्हा नाथाजी सुभेदार कठड्यावरून म्हणाले, "आवं मास्तर, तुमी दरसाल इमा भरताय तो काय देवापुढं ठेवायला? कंपनी देती की." माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे शेजाऱ्याने सांगावं लागलं याची लाज वाटली, पण प्रकाश पडला. मी त्याच रात्री कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. अपघात माझ्या निष्काळजीपणाने झाला असून त्याची संपूर्ण जबाबदारी मी स्वीकारतो, सबब आपण भरपाई द्यावी, असं त्यात निःसंदिग्ध लिहिलं.

कंपनीचं उत्तर आलं की सांगलीच्या कचेरीत समक्ष भेटा. भाषा मला जरा तुटक वाटली. तरी मी इस्त्रीचा शर्ट घालून सांगलीला गेलो. मला वाटलं होतं की इतका सरळ ग्राहक बघून साहेब निदान खुर्ची देतील. बाकावर बसवलं. दुपारनंतर आत बोलावलं, तेव्हा साहेब माझं पत्र चिमटीत धरून बसले होते.

"ही कबुली तुम्ही दिलीच कशी?"

"कारण धडक मी दिली."

"ते आम्ही ठरवू," साहेब म्हणाले. मग त्यांनी पॉलिसीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं माझ्यापुढे सरकवली. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमेदाराने कुणाजवळही कसलीही कबुली द्यायची नाही, कसलंही वचन द्यायचं नाही, असं तिथे होतं. मी म्हणालो, "साहेब, समजा रस्त्यात तुमच्या हातून एखाद्याला धक्का लागला आणि तो पडला. तुम्ही त्याला काय म्हणाल?"

साहेब सभ्य होते, त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "मी आधी कंपनीला कळवीन."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. विमा चालू होता हे कंपनीला मान्य. पण चूक गाडीवाल्याची, हे मान्य नाही, कारण पंचनामा उलटं सांगतो आणि जखमी माणूससुद्धा उलटं सांगतो. फक्त मीच एकटा माझी चूक म्हणतो, आणि माझ्या म्हणण्याला कंपनीच्या लेखी किंमत नाही. म्हणजे माझ्या गुन्ह्याबद्दल माझ्याखेरीज सगळ्यांचं मत धरणार. सांगलीहून परत येताना गाडीत मला भडभडून आलं. चूक करायचासुद्धा अधिकार आपल्याला राहिला नाही असं वाटलं.

शेवटी साताऱ्याला दावा लावायचं ठरलं. लालासाहेब म्हणून वकील होते, बोलायला रांगडे पण मोटारच्या दाव्यांत मुरलेले. त्यांनी शमशेरतर्फे अर्ज केला. सामनेवाला एक मी, सामनेवाला दोन कंपनी. त्या अर्जाची प्रत मला मिळाली ती मी कोर्टाच्या पायरीवर बसून वाचली. 'सामनेवाला नंबर एक याने आपले वाहन बेदरकारपणे, भरधाव, मानवी जीविताची पर्वा न करता हाकले.' वीस वर्षं मुलांना नागरिकांची कर्तव्यं शिकवल्यावर आपल्याबद्दल हे वाचायचं म्हणजे काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पण खरं सांगायचं तर 'भरधाव' या शब्दापाशी मी जरा थांबलो. माझ्याबद्दल तो शब्द पूर्वी कुणी वापरला नव्हता. घरी जाऊन मी तो हिलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्हाला कुणीतरी चेष्टेत म्हटलं असेल."

लालासाहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं. "मास्तर, कंपनीनं जबाबदारी मान्य केली की निकाल आजच्या आज. पर तुमची ही असली दोस्ती दिसली की ती काय म्हणणार? दोघांनी संगनमत केलंय, मिळून कंपनीला लुबाडत्यात. तसं कोर्टाला पटलं तर समदंच बोंबललं. तवा आजपासनं तुमी वैरी. येणंजाणं बंद, डबा बंद, रामराम-सलाम बंद."

आम्ही मनापासून प्रयत्न केला. बाजारात शमशेर कुबडी टेकत समोरून आला की मी दुकानाच्या पाटीकडे बघायचो आणि तो दुसरीकडे तोंड फिरवायचा. पण तोंड फिरवून भिंतीला हळूच म्हणायचा, "सलाम मास्तर." मीही पाटीला म्हणायचो, "सलाम. पाय कसा आहे?" भोवतीची माणसं थांबून बघायची. डबा बंद करायचा तर ही ऐकेना. "तुमचं वैर तुमच्यापाशी," ती म्हणाली, "त्या बाईने भाता ओढून एकटीने काय काय करायचं?" मग डबा मागच्या बोळातून जाऊ लागला. त्याची फेड म्हणून शमशेर रिकाम्या वेळात आमची लहान भांडी मागवून घ्यायचा. बसल्या बसल्या जेवढं जमेल तेवढं करून तो ती चकचकीत करून पाठवायचा. आमच्या घरात चमचासुद्धा कल्हईचा झाला. वैर असं वाढत होतं.

आणि एक दिवस कंपनीचे तपासनीस सांगलीहून वाईला चौकशीला आले. ते थेट शमशेरच्या घरी गेले तर तिथे आमची ही, पदर खोचून, पातेल्यातली आमटी वाढत होती. त्यांनी विचारलं, "आपण कोण?" ही म्हणाली, "मी सामनेवाल्याची बायको." खोटं बोलायची तिला सवय नाही, हा आमच्या घरातला मोठा दोष आहे.

मला शाळेत निरोप आला. मी धावलो. तपासनीस उन्हाचे, घामाघूम, भुकेले. आता गावात परका माणूस जेवायच्या वेळेला दारात उभा आहे आणि त्याला तसाच जाऊ द्यायचा, हे मला जमलं असतं तर मला सगळंच जमलं असतं. मी त्यांना घरी नेलं. मटकीची उसळ, भाकरी, ताक. ते पोटभर जेवले. पाणी पिताना त्यांनी पितळेचा पेला उजेडात धरला. "कल्हई ताजी दिसते," म्हणाले. मी म्हणालो, "हो, शमशेरभाईंच्या हाताची." त्यांनी मान हलवली, हिच्या स्वयंपाकाचं तोंडभर कौतुक केलं आणि सांगलीला जाऊन 'उभय पक्षांत उघड संगनमत' असा अहवाल दिला. लालासाहेबांनी तो वाचून दाखवला तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. "मास्तर, तेला जेवायला कशापायी घातलंसा?" मी म्हणालो, "बारा वाजून गेले होते."

साताऱ्याला सुनावणी निघाली. पहिल्यांदा शमशेर पिंजऱ्यात उभा राहिला. कुबडी कठड्याला टेकवून. कंपनीचे वकील अगदी गोड माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मास्तर कसे आहेत हो?"

"लय भले, साहेब."

"तुमच्या घरी येतात?"

"रोज यायचे. आता... न्हाई येत." तो माझ्याकडे बघून कसानुसा झाला.

"असा भला माणूस गाडी भरधाव चालवील का?"

शमशेरने लालासाहेबांकडे बघितलं. लालासाहेबांनी त्याला घरी शिकवून आणलं होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. शेवटी तो म्हणाला, "आता काय सांगू साहेब. माझीच चूक म्हणा की."

लालासाहेबांनी हातातली फाईल मिटली.

मग नाथाजी सुभेदार, कंपनीचे साक्षीदार. ते मेडल लावून आले होते. शेजाऱ्याची बदनामी होऊ द्यायची नाही या एकाच हेतूने ते आले होते, असं त्यांनी मला बाहेर सांगितलंही होतं. "मास्तर आणि भरधाव?" ते कडक आवाजात म्हणाले. "साहेब, ह्यांच्या गाडीपुढनं कोंबडी दाणं टिपत जाती." कोर्टात हशा पिकला. मी मान खाली घातली. इतक्या प्रेमाने कुणी माझं नुकसान केलं नव्हतं.

माझी पाळी आली. मी वेग सांगितला. वकील म्हणाले, "इतकी वर्षं सावकाश चालवणारा माणूस त्याच दिवशी जोरात का गेला?" मी शपथेवर होतो. मला गुंडा, त्याची घंटी, ते 'ढकलू का', आणि हसणारी पोरं, सगळं सांगावं लागलं. सांगताना माझे कान तापले. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. वकील म्हणाले, "महाराज, दुसऱ्याला पैसे मिळावेत म्हणून माणूस किती थराला जाऊन गोष्टी रचतो ते पाहावं." मी माझी सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट चारचौघांत सांगितली आणि ती रचलेली ठरली. मी पिंजऱ्यातून उतरलो. आणि शमशेर बाकावर बसून आपल्या पायाकडे बघत होता. दावा गेला हे त्यालाही कळलं होतं. गाळा गेला, पुढचं सगळं गेलं.

लालासाहेब उठले. "महाराज, एक साक्ष राहिली. अर्जदाराची बायको. अपघाताच्या वेळी हजर होती."

मेहरुनबी पिंजऱ्यात गेली. डोक्यावरचा पदर नीट केला. वर्षभर मी त्यांच्या घरी जात होतो, पण तिचा आवाज मी धड ऐकला नव्हता. कंपनीच्या वकिलांनी तिलाही गोड विचारलं.

"मास्तरांच्या घरून तुम्हाला डबा येतो?"

"येतो."

"म्हणजे संबंध चांगले आहेत."

"चांगले हायत. मास्तर भले हायत, बाई तर लय भली. आणि मास्तर जोरात होते."

वकील जरा हसले. "हे मास्तरही सांगतात. दोघांचं ठरलेलं दिसतंय."

"मास्तर काय सांगत्यात ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "मी मागं भाता घेऊन हुते. मी बघितलं ते सांगते. गाडी उतारानं आली. मी वरडले. ह्यो रस्त्याच्या मधी न्हवता, पार कडंला पोचला हुता. मास्तरनं हॉर्न वाजीवला न्हाई. आवं, वाजीवणार कसा? मास्तर फुडं बघतच न्हवते. मान वळवून मागं बघत हुते. मागं टाकलेल्या त्या दूधवाल्याचं तोंड बघत हुते. आणि हसत हुते."

कारकुनाने लिहिता लिहिता मान वर केली.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हवालदाराला नाही, सांगलीच्या साहेबांना नाही, हिलासुद्धा नाही. वेग सांगितला, उतार सांगितला, चार पानी पत्र लिहिलं, रोज उशाशी बसून माझी चूक माझी चूक म्हणालो, आणि त्यात हे कुठेच नव्हतं. मला ते आठवत नाही असं मी धरून चाललो होतो. तिने सांगितल्याबरोबर मला गुंडाचं तोंड स्पष्ट दिसलं.

"मग इतके दिवस हे का बोलला नाहीत?" वकिलांचा आवाज आता गोड नव्हता.

"त्यांच्या घरचं खात हुतो. कसं बोलू?" ती कठडा घट्ट धरून म्हणाली. "मास्तर रोज यायचे. माझी चूक, माझी चूक करायचे. मग ह्याला म्हणावं लागायचं, न्हाई मास्तर, तुमची न्हाई, माझी. साहेब, पाय ह्याचा मोडला आणि समजूत मास्तरची काढायची. रोज. मास्तर बरं वाटून घरी जायचे, आणि ह्यो भिंतीकडं तोंड करून रडायचा. मला लय राग यायचा. आणि त्याच हातानं डबा घासायचे." तिचा आवाज फुटला. "आज ह्यानं हितं बी तेच केलं. किती दिवस म्हणायचं, माझी चूक?"

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला पुन्हा शपथेची आठवण करून दिली आणि विचारलं, "तुम्ही मागे बघत होता?"

दोन वर्षांत कबुली देण्यात मी पटाईत झालो होतो. ही तोंडातून निघेना. मला लाज वाटली, खरीखुरी, नाथाजी सुभेदारांच्या कोंबडीपुढे वाटली होती तसली नव्हे. मी "हो" म्हणालो. ते इतक्या हळू आलं की कारकुनाला परत विचारावं लागलं.

कंपनीच्या वकिलांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. लालासाहेब मला नंतर म्हणाले, "संगनमत करून आलेला माणूस असा पडत न्हाई, मास्तर. तुमचं तोंड समद्यांनी बघितलं." पुढच्या तारखेला कंपनीने पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली की अपघात विमेदाराच्या निष्काळजीपणाने झाला हे कंपनीला मान्य आहे आणि भरपाईची जबाबदारी कंपनी स्वीकारते. न्यायाधीशांनी ती वाचून नोंदवून घेतली. ज्या वाक्यासाठी मी सांगलीला बाकावर बसलो होतो, ते वाक्य कंपनीने माझ्याशिवायच लिहिलं होतं. शमशेरचा गाळा झाला, त्यात तो अजून बसतो.

पण मला सांगायचं आहे ते साक्षीच्या दिवशीचं, संध्याकाळचं. त्या वेळी वाईला एकच गाडी होती. मेहरुनबी पुढे बायकांच्या बाकावर बसली. मागे एकच बाक मोकळा, त्याच्यावर खिडकीला शमशेर आणि शेजारी मी. वैर संपलं होतं का चालू होतं, ते मला कळत नव्हतं. पाचवडला गाडी थांबून सुटली तेव्हा तो बाहेर बघत म्हणाला,

"मास्तर, तुमी त्या दिशी लय जोरात हुता."

"हो."

"हॉर्न तरी वाजवायचा."

"वाजवायला हवा होता."

"मागं बघत गाडी चालवत्यात व्हय कुणी?"

'माझी चूक' हे दोन शब्द माझ्या जिभेवर सवयीने आले. मी तोंड मिटून घेतलं, कारण ते म्हटले असते तर त्याला माझी समजूत काढावी लागली असती.

"माझा पाय लय चांगला हुता, मास्तर," तो म्हणाला. मग त्याचे खांदे हलायला लागले. भर गाडीत, माणसांपुढे, तो मोठ्याने रडायला लागला आणि रडता रडता सांगायला लागला. घंगाळात उभं राहिल्यावर वाळू पायाखाली कशी सरकते, त्याच्या बापाने त्याला पहिल्यांदा भिंतीला धरून कसं फिरवलं, अख्ख्या लग्नघराची भांडी तो कसा एका दमात करायचा. मधेच मला शिव्या देत होता. कंडक्टर तिकिटं बघायला आला, आमच्याकडे बघितलं आणि पुढे गेला. वाई येईपर्यंत तो बोलत होता आणि मी ऐकत होतो.